सिप्ला, ख्वाजा अब्दुल हमीद आणि स्वस्त औषधांची लढाई : एक ओळख

सोलापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये शुगरची गोळी मागा. जी पट्टी हातात पडते तिच्यात बहुतेक वेळा मेटफॉर्मिन असतं. ही गोळी आज विडी वळणाऱ्या बाईला परवडते, यंत्रमागावरच्या कामगारालाही परवडते. कॅन्सरची एखादी नवी गोळी मात्र महिन्याला लाखाच्या घरात जाते आणि अख्खं घर कर्जात बुडतं. दोन्ही गोळ्या कारखान्यातच बनतात, दोन्ही रसायनंच आहेत. मग किमतीत एवढं अंतर का?

याचं उत्तर शोधायला गेलं की पेटंट कायदा समोर येतो, औषधांचा जागतिक व्यापार समोर येतो, आणि १९३५ साली मुंबईत सुरू झालेली एक कंपनीही समोर येते. अलिगडमध्ये जन्मलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली ही सिप्ला. औषधाच्या पट्टीवर तिचं नाव आपण हजार वेळा वाचलेलं असतं, पण तिचा इतिहास फार कमी घरांत माहीत आहे. मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती आम्ही इथे एकत्र दिली आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ

मूळ घटक : गोळीतला जो भाग आजारावर काम करतो तो मूळ घटक. औषध धंद्यात त्याला 'एपीआय' म्हणतात. गोळीत बाकी स्टार्च, रंग आणि बांधून ठेवणारे पदार्थ असतात. गोळी बनवणारी कंपनी वेगळी आणि मूळ घटक बनवणारी वेगळी, असं बऱ्याचदा असतं. याचं उदाहरण आपल्या अंगणातच आहे. मेटफॉर्मिन बनवायला डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड हे रसायन लागतं. ते बनवणारी बालाजी अमाइन्स ही १९८८ साली स्थापन झालेली सोलापूरची कंपनी, आणि तिचा जुना कारखाना तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला आहे. औषधांचे मूळ घटक बनवणारी स्मृती ऑर्गॅनिक्स ही कंपनीही सोलापूरचीच. लोक आपल्या शहराला चादरीचं आणि विडीचं शहर म्हणून ओळखतात. औषधाच्या जागतिक साखळीतली एक कडी इथेही आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

पेटंट : नवा शोध लावणाऱ्याला सरकार ठरावीक मुदतीसाठी मक्ता देतं. आज ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं असते. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय ती वस्तू बनवायची नाही. कंपन्या म्हणतात की एक औषध बाजारात येईपर्यंत वर्षानुवर्षं खर्च करावा लागतो आणि दहातले नऊ प्रयत्न वाया जातात, तो पैसा वसूल कसा करायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. पण मक्ता हातात आला की किंमत कुठवर नेायची याला लगाम राहत नाही, हेही तितकंच खरं.

जेनेरिक : पेटंट संपल्यावर, किंवा मुळात पेटंट नसेल तर, तेच औषध दुसऱ्या कंपन्या बनवतात. मूळ घटक तोच, मात्रा तीच. शोधाचा खर्च नसतो आणि बनवणारे अनेक असतात, म्हणून किंमत खाली येते.

जैविक औषध : इन्सुलिन, लसी, कॅन्सरवरची काही नवी इंजेक्शनं ही जिवंत पेशींच्या मदतीने तयार होतात. त्यांची हुबेहूब नक्कल करता येत नाही, जवळची प्रतिकृती करता येते. तिला 'बायोसिमिलर' म्हणतात. पुढचा काळ या औषधांचा आहे, म्हणून हा शब्दही लक्षात ठेवा.

ख्वाजा अब्दुल हमीद कोण होते?

ख्वाजा साहेबांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ चा. शिक्षण अलिगड आणि अलाहाबादला झालं. असहकार चळवळीच्या काळात ते गांधीजींच्या प्रभावाखाली आले. १९२० मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, तिथे त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे त्यांचे स्नेही. नंतर ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या काळात औषधं आणि रंग यांच्या रसायनशास्त्रात जर्मनी जगात पुढे होता. तिथेच त्यांची गाठ लुबा देर्चान्स्का यांच्याशी पडली. लुबा या विल्निअसच्या ज्यू कुटुंबातल्या. दोघांचा निकाह १९२८ मध्ये बर्लिनच्या मशिदीत झाला.

भारतात परतल्यावर १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी काढली. सुरुवातीचं भांडवल दोन लाख रुपये. या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून 'सिप्ला' हे नाव झालं. १९३७ मध्ये कंपनीची औषधं बाजारात आली. तेव्हा देशात विकली जाणारी बहुतांश आधुनिक औषधं परदेशातून येत. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी सिप्लाला भेट दिली. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं, परदेशी औषधांचा पुरवठा आटला, आणि देशी कारखाने का हवेत हे सगळ्यांना उमगलं.

ख्वाजा साहेब फक्त कारखानदार नव्हते. १९३७ ते १९६२ अशी पंचवीस वर्षं ते मुंबई विधान परिषदेचे सदस्य होते. मुंबईचे शेरीफही झाले. सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या सुरुवातीच्या आखणीत त्यांचा वाटा होता. फाळणीला त्यांचा विरोध होता आणि फाळणीनंतर ते इथेच राहिले. २३ जून १९७२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांचा जन्म १९३६ चा, आईच्या माहेरी विल्निअसला. शिक्षण मुंबईत, मग केंब्रिजला. तिथे नोबेल विजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९६० मध्ये ते सिप्लात आले. २००५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. केंब्रिज विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१९७० चा कायदा : इथून गणित बदललं

स्वातंत्र्य मिळालं तरी पेटंट कायदा इंग्रजांचाच होता, १९११ चा. त्यात औषधावरच पेटंट मिळे. म्हणजे एखादी गोळी परदेशी कंपनीच्या नावे नोंदली गेली की भारतात ती कुणीही, कुठल्याही पद्धतीने बनवायची नाही. परिणाम असा की गरीब देश असूनही आपल्याकडे काही औषधं जगातल्या सर्वांत महागड्या किमतींना विकली जात होती. अमेरिकेच्या सिनेटमधल्या केफॉव्हर समितीनेही तेव्हा हे नोंदवलं होतं.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. देशी औषध उत्पादकांनीही पाठपुरावा केला, त्यात युसूफ हमीद पुढे होते. अखेर इंदिरा गांधींच्या काळात १९७० चा पेटंट कायदा झाला आणि एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

या कायद्याने औषधावरचं पेटंट काढून टाकलं आणि फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. तेही जास्तीत जास्त सात वर्षं. वर्गात आम्ही हे असं समजावतो : समजा बिर्याणीवर कुणाचा मक्ता नाही, फक्त एका खानसाम्याच्या रीतीवर आहे. दुसऱ्याने वेगळ्या रीतीने बिर्याणी केली तर त्याला कुणी अडवू शकत नाही. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. तीच औषधं वेगळ्या वाटेने बनवली. पुढच्या तीस वर्षांत हजारो कारखाने उभे राहिले, किमती पडल्या आणि भारताला 'जगाचं औषध दुकान' म्हणू लागले. पुण्याला जाताना दौंड तालुक्यात कुरकुंभची एमआयडीसी लागते. तिथे सिप्लाचाही कारखाना आहे, आपल्या एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या पट्ट्यातच.

दिवसाला एक डॉलर

सिप्लाचं नाव जगभर झालं ते एचआयव्हीच्या औषधांमुळे. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्हीचा रुग्ण जगू शकतो हे सिद्ध झालं. पण श्रीमंत देशांत या तीन औषधांचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत दररोज हजारो माणसं मरत होती. औषध होतं, पण विकत घ्यायची ऐपत नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधांसाठी कायदा केला तर ३९ औषध कंपन्यांनी सरकारवरच खटला भरला.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत युसूफ हमीद यांनी तिन्ही औषधं वर्षाला ८०० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. औषध बनवण्याचं तंत्र गरीब देशांच्या सरकारांना फुकट देऊ, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापिन हे औषधही फुकट देऊ, असंही त्यांनी सांगितलं. प्रतिसाद थंड होता. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला त्यांनी ३५० डॉलरचा भाव दिला. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. ही बातमी जगभर गेली आणि सगळी चर्चाच फिरली. एवढ्या भावात औषध बनतं, तर पंधरा हजार कशाचे, असं लोक विचारू लागले.

सिप्लाने तिन्ही औषधं एकाच गोळीतही आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक. ज्या गावात डॉक्टर महिन्यातून एकदा येतो तिथे मूठभर गोळ्यांऐवजी एक गोळी असणं फार मोठी गोष्ट होती. भारतात मात्र हे तीन घटक एकत्र करता आले ते १९७० च्या कायद्यामुळेच, कारण त्या तिघांचे मालक वेगवेगळ्या कंपन्या होत्या.

एप्रिल २००१ मध्ये त्या ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी जाहीर केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून ही औषधं एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आज जगात सुमारे तीन कोटी लोक एचआयव्हीवरचे उपचार घेत आहेत, आणि त्यातली बहुतांश औषधं भारतीय जेनेरिक आहेत.

यात सिप्लाचा धंदा नव्हता का? होता. कंपनी खैरात वाटायला बसली नव्हती, तिची बाजारपेठही वाढली. पण नफा कुठे थांबवायचा हे ठरवता येतं, एवढं या प्रसंगाने जगाला दाखवलं.

२००५ नंतर : दार अर्धं बंद

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत पेटंटचे कडक करार आले. भारताला दहा वर्षांची सवलत होती. ती संपल्यावर १ जानेवारी २००५ पासून औषधावरचं पेटंट पुन्हा सुरू झालं. पण संसदेने कायद्यात काही कुलुपं ठेवली. त्यातली तीन प्रकरणं प्रत्येकाला माहीत हवीत.

पहिलं, कलम ३ (ड). जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येणार नाही, परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागेल, असं हे कलम सांगतं. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिवेक या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीची मागणी फेटाळली. महिन्याला लाखाच्या वर खर्च असलेल्या औषधाची जेनेरिक आवृत्ती आठ-दहा हजारांत मिळत राहिली.

दुसरं, सक्तीचा परवाना. औषध लोकांना परवडत नसेल तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी देऊ शकतं, मूळ कंपनीला स्वामित्वधन देऊन. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या नेक्साव्हर या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला असा परवाना दिला. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं हे औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना होतं. नॅटकोला ते ८,८८० रुपयांच्या आत विकण्याची अट घातली गेली. भारताने दिलेला असा परवाना हा एकच.

तिसरं प्रकरण टीबीचं, आणि ते आपल्या अगदी जवळचं. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. अपुरा हवा-उजेड, कोंदट घर, कमी खाणं आणि तंबाखूची धूळ हे सगळं ज्या वस्त्यांत एकत्र येतं, तिथे हा आजार मुक्कामाला राहतो. सोलापूरच्या विडी आणि यंत्रमागाच्या वस्त्यांना हे सांगायला नको. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यात काहींची श्रवणशक्ती जाई. बेडाक्विलिन या नव्या गोळीमुळे ती इंजेक्शनं टळतात. जॉन्सन अँड जॉन्सनचं त्यावरचं मूळ पेटंट २०२३ मध्ये संपत होतं, पण कंपनीने मुदत लांबवणारा आणखी एक अर्ज केला होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघीही टीबीतून वाचलेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांनी हिरावलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. रुग्णालाही कायद्यात बोलायची जागा आहे, हे त्या दोघींनी दाखवून दिलं.

लसींचा धंदा आणि महाराष्ट्र

लसीच्या इतिहासातही महाराष्ट्र पहिल्या रांगेत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरले होते, अफवा होत्या. तेव्हा तिसरे आगा खान यांनी हाफकिनना जागा दिली, स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि अनुयायांनाही घ्यायला लावली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. लसीबद्दल शंका घेणारे आपल्या मोहल्ल्यात आजही भेटतात. त्यांना ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट जरूर सांगावी.

१९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली. पूनावालांचा घोड्यांचा व्यवसाय होता आणि त्यांचे निवृत्त घोडे सीरम काढण्यासाठी हाफकिनला दिले जात. तिथून ही कल्पना आली. मात्रांच्या संख्येने ही आज जगातली सर्वांत मोठी लस कंपनी. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी येत, त्यावर सिरमने ५० सेंटपेक्षा कमी किमतीची लस बनवली आणि २०१० मध्ये ती बुर्किना फासोपासून वापरात आली.

कोविडने याची दुसरी बाजू दाखवली. २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट आली, लसींची निर्यात थांबली आणि आफ्रिकेतले देश ताटकळत राहिले. साऱ्या जगाने दोन-चार कारखान्यांवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते कळलं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्येच पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा अशी मागणी केली होती. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तो बराच पातळ, आणि तोवर लाखो माणसं गेली होती.

स्वस्त म्हणजे हलकं नव्हे, पण पहारा हवा

आपल्या औषध उद्योगाच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. त्या झाकून चालणार नाही.

पहिली, दर्जा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात ६० हून अधिक मुलं दगावली, तेव्हा भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांत याच जातीचं विष सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा तेच घडलं. तपासणी स्वस्त आहे, मुलाचा जीव स्वस्त नाही. कायदे आहेत, निरीक्षक कमी आहेत आणि शिक्षा उशिरा होते.

दुसरी, कच्च्या मालासाठी परावलंबन. आपण गोळ्या जगाला विकतो, पण आयात होणाऱ्या मूळ घटकांतला मोठा हिस्सा, साधारण दोन तृतीयांश, चीनमधून येतो. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सरकारने उभी केली, ती पेनिसिलीनसाठी. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशी उत्पादन मागे पडलं. २०२० मध्ये केंद्राने मूळ घटकांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. सोलापूरसारख्या शहरांना यात संधी आहे. मात्र रसायनाच्या कारखान्याचं सांडपाणी कुठे जातं, हे विचारणंही आपलंच काम आहे.

पुढचं जग

उद्याची औषधं रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतूनही बनतील. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. अमेरिकेत याचा खर्च तीन-चार कोटी रुपये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशी उपचार तयार केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि खर्च परदेशाच्या साधारण एक दशांश आहे. तरी तो तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. सामान्य घराला हेही न झेपणारंच, पण दिशा दिसली.

एचआयव्हीची लागण रोखणारं लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. अमेरिकेत त्याचा भाव वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. मूळ कंपनीने २०२४ मध्येच सहा जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले, त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. २०२७ पासून शंभरावर गरीब देशांत ते वर्षाला ४० डॉलरमध्ये देण्याचं भारतीय कंपन्यांनी जाहीर केलं आहे. २००१ मध्ये जे भांडून मिळवावं लागलं, ते आता परवान्याने मिळतंय. तरी परवान्याच्या यादीबाहेर राहिलेल्या देशांचं काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्या घरात, आपल्या शाळेत

घरात काय करता येईल? डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून देण्याची विनंती करा. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात बरीच औषधं बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतात, आणि देशात अशी १५ हजारांवर केंद्रं आहेत. पट्टीवर मूळ घटकाचं नाव, मात्रा, मुदत आणि बॅच नंबर वाचायची सवय लावा. बिल मागा. फिट्स, थायरॉइड किंवा हृदयाच्या गोळ्यांत बदल करायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा. टीबीचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. घरात टीबी आहे हे लपवू नका, विशेषतः मुलींच्या बाबतीत. लपवलेला टीबी लग्नाआधी बरा होत नाही, लग्नानंतर जीव घेतो.

आणि तालीम. आपल्या समाजाचं औषधाशी नातं जुनं आहे. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द सुरू केलं. मोहम्मद मनाल यांनी १९३० मध्ये हिमालया काढली. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सर्पगंधेतून अजमलीन वेगळं केलं आणि त्याला हकीम अजमल खान यांचं नाव दिलं. वोक्हार्टचे हाबिल खोराकीवाला तर आपल्या महाराष्ट्रातलेच. पण नुसती नावं मिरवून भागणार नाही. बारावी सायन्सनंतर डॉक्टर नाही तर काहीच नाही, असं म्हणून कितीतरी हुशार मुली घरी बसतात. नीटचा कट-ऑफ चुकला म्हणजे विज्ञान संपलं असं नाही. डी. फार्म दोन वर्षांचं, बी. फार्म चार वर्षांचं. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, औषध तपासणी, क्लिनिकल रिसर्च, पेटंट कायदा, सगळीकडे माणसं लागतात. अक्कलकुव्याचं अली अल्लाना फार्मसी कॉलेज आणि औरंगाबादचं वाय. बी. चव्हाण फार्मसी कॉलेज ही समाजाच्या संस्थांनी चालवलेली महाविद्यालयं आहेत. उर्दू माध्यमातल्या मुलांना अकरावीत रसायनशास्त्र जड जातं ते भाषेमुळे, बुद्धीमुळे नव्हे. आठवी-नववीपासूनच इंग्रजी संज्ञा उर्दू-मराठीसोबत शिकवल्या तर ही भिंत पडते, हा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले आणि तिथेच रुग्णांची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले ख्वाजा साहेब त्याच काळात मुंबईत औषधं बनवत होते. दोघांकडेही चांगल्या नोकरीची, आरामाची वाट होती. येत्या जूनमध्ये आपल्या मोहल्ल्यातली मुलं अकरावीला आणि फार्मसीला प्रवेश घेतील. फॉर्म भरताना त्यांच्या शेजारी बसा, आणि जमलं तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.